क्लोरीन भरपूर, तरी पाणी दुधाळ

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही नागपुरात काटोल रस्त्यालगत राहतो. घरामागच्या अंगणात मुलांसाठी ८ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद असा छोटा तरणतलाव बांधला आहे. उथळ टोकाला एक मीटर आणि खोल टोकाला दीड मीटर पाणी असते. फेब्रुवारीच्या मध्यात तो बोअरच्या पाण्याने भरला आणि तेव्हापासून दर दोन दिवसांनी २०० ग्रॅमची क्लोरीनची एक टिकडी तरंगत्या डब्यात टाकतो. पाणी कमी झाले की बोअर सुरू करून पातळी भरून काढतो. एप्रिलअखेरीस पाणी पांढुरके दिसू लागले. माळीदादांनी दोन वेळा मिळून २ किलो ब्लीचिंग पावडर टाकली, मग किलोभर तुरटी टाकली. प्रत्येक वेळी पाणी आणखीच दुधाळ झाले. आता खोल टोकाचा तळ दिसत नाही. किटमध्ये क्लोरीनचा रंग गडद पिवळा येतो आणि सामू (पीएच) ८.२ च्या रंगाशी जुळतो. क्लोरीनचा उग्र वास येतो, मुलांचे डोळे चुरचुरतात, म्हणजे क्लोरीन कमी नाही हे नक्की. विजेचे बिल वाढते म्हणून फिल्टरचा पंप दिवसातून दोनच तास चालवतो. पावडर, टिकड्या, अॅसिड सगळे पंपाच्या खोलीत एकाच पत्र्याच्या पेटीत ठेवलेले असते. शेजारी म्हणतात, सगळे पाणी काढून टाका आणि टँकर बोलवा. सुट्ट्यांमुळे भाचेमंडळी आली आहेत आणि नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) तोंडावर आहे. काय करावे?

उत्तर

सप्रेम नमस्कार. आपण पत्रात आकडे दिलेत, याबद्दल आधी आभार मानतो, कारण या विषयावर येणाऱ्या बहुतेक पत्रांत "पाणी खराब झाले आहे" यापलीकडे काही नसते. पाण्याकडे वळण्यापूर्वी मात्र दोन गोष्टी आजच्या आज कराव्यात अशी विनंती आहे.

पहिली गोष्ट मुलांची. खोल टोकाचा तळ दिसत नसेल तर त्या पाण्यात कोणीही उतरू नये, मग किटमध्ये रंग कोणताही येवो. दीड मीटर पाण्याच्या तळाशी गेलेले मूल दुधाळ पाण्यात काठावरच्या माणसाला दिसत नाही, आणि बुडणारे मूल हाक मारत नाही. काठावर उभे राहून तळाच्या जाळीची भोके स्पष्ट दिसली, तरच तलाव उघडा, एवढा एक नियम घरात सर्वांना सांगून ठेवा. भाचेमंडळी रुसतील, ती रुसू देत. दुसरी गोष्ट त्या पत्र्याच्या पेटीची. आपल्या टिकड्या ट्रायक्लोरच्या, म्हणजे बाजारात ज्यांना टीसीसीए म्हणतात त्यांच्या असणार. ही टिकडी आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली आणि त्यांत थोडी ओल शिरली तर पेट घेऊ शकतात, स्फोटही होऊ शकतो. आणि यांपैकी कशावरही अॅसिड सांडले तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. मे महिन्यात नागपुरातली पत्र्याची पेटी आतून किती तापते हे आपल्याला सांगायला नको. तिन्ही वस्तू वेगवेगळ्या, झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यांत, एकमेकांपासून दूर आणि सावलीत ठेवा, अॅसिड शक्य तर वेगळ्या खोलीतच ठेवा, आणि प्रत्येकासाठी मोजायचा मगही वेगळा ठेवा. तरंगत्या डब्यात टिकडीखेरीज दुसरे काहीही, कधीही घालू नये हे माळीदादांना माझ्या नावाने सांगितले तरी चालेल.

आता पाण्याविषयी. आपण "गढूळ" म्हणतो तेव्हा त्या एका शब्दात निदान तीन वेगळे विकार येतात आणि तिन्हींचे औषध वेगळे असते. पहिला विकार चुन्याचा: पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बाहेर पडते आणि त्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत राहतात. दुसरा विकार शेवाळाचा: पाण्याला हिरवट छटा येण्याच्या आधी दोनतीन दिवस ते नुसते निस्तेज दिसते आणि भिंतीला हात लावला तर बुळबुळीत लागते. तिसरा नुसत्या धुळीचा, म्हणजे अवकाळी वादळात उडून आलेली माती फिल्टरने अडवलेली नसते. यांतला कोणता आपल्याकडे आहे हे ओळखायला दुकानात जाण्याची गरज नाही. काचेचे दोन स्वच्छ ग्लास घ्या, तलावाच्या मध्यातून कोपरभर खोलीवरचे पाणी दोन्हींत भरा, आणि एका ग्लासात दोन चमचे पांढरे व्हिनेगर घालून ढवळा. व्हिनेगरचा ग्लास मिनिटा-दोन मिनिटांत निवळला आणि दुसरा पांढराच राहिला, तर तो चुना आहे यात शंका नको. दोन्ही ग्लास सारखेच राहिले, तर ते रात्रभर हलवू न देता ठेवा. सकाळी तळाशी तपकिरी साका बसलेला दिसला तर माती, आणि काहीच न बसता पाणी तसेच मंद हिरवट राहिले तर शेवाळ.

ग्लासाचा निकाल येईपर्यंत मी पैज लावणार नाही, पण आपले पत्र वाचून माझा कल चुन्याकडे आहे, आणि त्याचे कारण आपल्याच घरातल्या कूलरच्या जाळीवर दिसेल. बोअरच्या पाण्यावर दोन महिने चाललेल्या कूलरच्या जाळीवर आणि गवतावर जो पांढरा, खरखरीत थर बसतो तोच आपल्या तलावात तयार होतो आहे. फरक इतकाच की कूलरमध्ये तो जाळीला चिकटतो आणि तलावात पाण्यात तरंगतो. पाणी वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात. हिशेब करून पाहू. आपल्या तलावाची सरासरी खोली सव्वा मीटर, म्हणजे एकूण पाणी ८ गुणिले ४ गुणिले १.२५, अर्थात ४० घनमीटर, ४०,००० लिटर. नागपूरच्या उन्हात पाण्याची पातळी दिवसाला सेंटिमीटरभर सहज खाली जाते. ३२ चौरस मीटर पृष्ठभागावर ते ३२० लिटर होतात, आणि तेवढेच पाणी आपण बोअरमधून परत भरता. बोअरच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला ५०० मिलिग्रॅम, म्हणजे ५०० पीपीएम धरला, तर रोज १६० ग्रॅम चुना तलावात येतो आणि तो कधीच बाहेर जात नाही. तलावातल्या पाण्याचा कठीणपणा यामुळे दिवसाला ४ पीपीएमने वाढतो, दोन महिन्यांत २४० पीपीएमने. तलावासाठी २०० ते ४०० पीपीएम चांगला समजतात. आपले पाणी आज ७०० च्या पुढे गेले असेल तर मला नवल वाटणार नाही. बोअरच्या पाण्याचा खरा आकडा प्रयोगशाळेतून तपासून घ्या आणि ५०० च्या जागी तो घालून हा हिशेब पुन्हा करा.

इतका चुना पाण्यात विरघळून राहू शकतो, पण काही अटींवर. सामू वाढला, पाणी तापले किंवा क्षारता (अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद) वाढली की तो बाहेर पडतो. आणि साखरेच्या उलट, चुन्याचे हे क्षार गरम पाण्यात कमी विरघळतात. नवतप्याच्या तोंडावर या तिन्ही गोष्टी आपल्याकडे एकदम जमून आल्या आहेत. किटवरचा ८.२ हा बहुधा त्या पट्टीवरचा शेवटचा रंग असतो, म्हणून त्याचा अर्थ "८.२ किंवा त्याहून कितीही अधिक" असा घ्यायचा. टिकडी स्वतः बरीच आम्लधर्मी असते आणि एरवी ती सामू खाली ओढते, परंतु बोअरच्या पाण्यातून रोज येणारी क्षारता तिला पुरून उरली आहे. त्यात ब्लीचिंग पावडर पडली. नव्या ब्लीचिंग पावडरीत क्लोरीन तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतो आणि उरलेला बराचसा भाग चुना आणि कॅल्शियमचेच क्षार असतात. ती पाण्यात पडते तिथे सामू एकदम चढतो आणि डोळ्यांदेखत पांढरा ढग उठतो. ग्रामपंचायतीच्या विहिरीत ही पावडर शोभते, कारण विहिरीतले पाणी रोज उपसले जाते. एकच पाणी महिनोन्‌महिने फिरवणाऱ्या तलावात तिचा चुना साठत जातो. माळीदादांचा हेतू चांगला होता, पण औषध रोगाच्याच जातीचे निघाले.

आता आपल्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येतो, ज्यावर मला सर्वांत जास्त लिहायचे आहे: वास उग्र येतो, डोळे चुरचुरतात, म्हणजे क्लोरीन कमी नाही हे नक्की. हे नक्की नाही. चांगल्या तलावाला क्लोरीनचा वास जवळजवळ येत नाही. जो उग्र, नाकात जाणारा वास आपण क्लोरीनचा समजतो तो क्लोरामाइनचा असतो. घाम, लघवी यांच्याशी अर्धवट झुंजून अडकून पडलेला क्लोरीन म्हणजे क्लोरामाइन. वास येतो आहे याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की मोकळा क्लोरीन पुरेसा नाही आणि म्हणून तो हे काम तडीस नेऊ शकत नाही. आपले पिवळ्या रंगाचे किट ऑर्थोटोलिडीनवर चालते, आणि त्याची मोठी अडचण ही की ते मोकळा आणि अडकलेला असा दोन्ही क्लोरीन एकत्र मोजते. गडद पिवळा रंग दिसला की मन निवांत होते आणि पाणी मात्र तसेच राहते. गुलाबी रंगाचे डीपीडी किट घ्या. त्यात मोकळा आणि एकूण क्लोरीन वेगळे मोजता येतात, आणि दोहोंतला फरक म्हणजे अडकलेला क्लोरीन, तो ०.२ पीपीएमपर्यंत असावा, ०.५ च्या वर गेला तर उपाय करायलाच हवा. एक इशारा: क्लोरीन फारच जास्त असेल तर डीपीडीचा गुलाबी रंग क्षणभर चमकून उडून जातो आणि पाणी कोरे दिसते. अशा वेळी शून्य समजून आणखी क्लोरीन ओतणारे लोक मी पाहिले आहेत. शंका आली तर नमुन्यात त्याच्या चौपट आरओचे पाणी घालून पुन्हा तपासा आणि आलेल्या आकड्याला ५ ने गुणा.

क्लोरीन असूनही तो काम का करत नाही, याची दोन कारणे आहेत. पहिले सामूचे. पाण्यातला मोकळा क्लोरीन दोन रूपांत असतो, आणि जंतू मारण्याचे खरे काम त्यांतले एकच रूप, हायपोक्लोरस आम्ल, करते. सामू ७.२ असताना क्लोरीनचा जवळपास दोन तृतीयांश भाग या रूपात असतो, ७.५ ला निम्मा, ८ ला सुमारे पाव, आणि ८.५ ला एक दशांशाहूनही कमी. स्टॅबिलायझर (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारा पदार्थ) असलेल्या पाण्यात हे प्रमाण थोडे बदलते, पण दिशा तीच राहते, आणि वाढलेल्या सामूने डोळे चुरचुरतात ते वेगळेच. दुसरे कारण खुद्द त्या स्टॅबिलायझरचे, आणि ते टिकडीतच दडलेले आहे.

उघड्या पाण्यातला क्लोरीन ऊन दोन-तीन तासांत खाऊन टाकते. त्यावर उपाय म्हणून सायन्युरिक आम्ल नावाचा पदार्थ वापरतात, हाच तो स्टॅबिलायझर. तो क्लोरीनला धरून ठेवतो आणि उन्हापासून वाचवतो. पाण्यात ३० ते ५० पीपीएम असला तर तो फार उपकारक ठरतो. आपल्या टिकडीत क्लोरीन आणि सायन्युरिक आम्ल एकमेकांना बांधलेलेच असतात, त्यामुळे टिकडी टाकली की दोन्ही येतात. क्लोरीन खर्च होतो. सायन्युरिक आम्ल मात्र उन्हाने जात नाही, वाफेने जात नाही आणि फिल्टरमध्येही अडकत नाही. आपल्या ४०,००० लिटरमध्ये २०० ग्रॅमची एक टिकडी साधारण ४.५ पीपीएम क्लोरीन आणि २.७ पीपीएम सायन्युरिक आम्ल टाकते. फेब्रुवारीच्या मध्यापासून शंभर दिवस धरले तर पन्नास टिकड्या झाल्या, म्हणजे १३५ पीपीएम. शिंतोडे उडून आणि बॅकवॉशमध्ये, म्हणजे उलट्या प्रवाहाने फिल्टर धुताना, गेलेल्या पाण्याबरोबर त्यातले थोडे गेले असेल, तरी आकडा शंभराच्या वर असणार. तलाव सांभाळणारे जाणकार असा आडाखा बांधतात की मोकळा क्लोरीन सायन्युरिक आम्लाच्या निदान साडेसात टक्के हवा. ५० पीपीएमला तो ४ च्या आसपास पुरतो, १३५ ला १० लागतो. आपण २ किंवा ३ पीपीएम राखून निर्धास्त राहत असाल, तर त्यातला बहुतेक क्लोरीन बांधून घातलेला आहे. सायन्युरिक आम्लाची चाचणी स्वस्तात होते: नमुन्यात औषध घातल्यावर तो पांढरा होतो, आणि नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत तो ओतायचा असतो. ही चाचणी शंभराच्या वर नीट सांगत नाही, म्हणून निम्मे आरओचे पाणी मिसळून मोजा आणि आकडा दुप्पट करा.

मग आता करायचे काय? टिकडी, पावडर आणि तुरटी तिन्ही आजपासून बंद करा. पंप पाणी निवळेपर्यंत चोवीस तास चालू ठेवा. दोन तासांची काटकसर आपल्याला महाग पडली आहे. आपला पंप तासाला १०,००० लिटर फिरवत असेल तर दोन तासांत तलावाचे निम्मे पाणी फिल्टरमधून जाते, आणि पूर्ण ४०,००० लिटर फिरवले तरी गाळलेले पाणी न गाळलेल्यात मिसळत राहते, त्यामुळे एका फेरीत प्रत्यक्षात साधारण ६३ टक्केच पाणी गाळले जाते. एक अश्वशक्तीचा पंप तासाला अंदाजे एक युनिट खातो. पुढे उन्हाळ्यात रोज आठ ते दहा तास तो चालायला हवा. हा खर्च तलाव बांधतानाच मान्य करायचा असतो. फिल्टरच्या टोपीवरचे दाबाचे घड्याळ पाहा. नुकत्याच धुतलेल्या फिल्टरचा दाब भिंतीवर लिहून ठेवा आणि तो ८ ते १० पीएसआयने वाढला की बॅकवॉश करा, त्याआधी उगाच करू नका. किंचित मळलेली रेती कोऱ्या रेतीपेक्षा बारीक कण जास्त चांगले अडवते. एकदा फिल्टरचे झाकण उघडून आत हातही घालून पाहा. जड पाण्यावर चाललेल्या फिल्टरमध्ये रेतीचे ढेकूळ बनते आणि पाणी त्याच्या कडेने वाट काढून न गाळताच परत येते. तसे असेल तर रेती बदलणे बरे. आणि इथे एक नागपुरी मोह टाळा: कन्हानची रेती स्लॅबला कितीही उत्तम असली तरी फिल्टरला चालत नाही. तिथे ०.४ ते ०.८ मिलिमीटरची, चाळून प्रतवारी केलेली गारगोटीची रेतीच लागते.

त्यानंतर पाणी बदलण्याचा प्रश्न. आपले शेजारी अर्धे बरोबर आहेत. सायन्युरिक आम्ल घालवणारे, विश्वास ठेवावा असे औषध बाजारात नाही. पाणी काढणे हाच मार्ग आहे. पण सगळे पाणी काढू नका. रिकाम्या तलावाच्या फरशा मेच्या उन्हात तडकतात, आणि आपल्या भागातली काळी जमीन उन्हाळ्यात आकसून, पावसात फुगून भिंतींना जो ताण देते त्याला आतल्या पाण्याचा आधार असलेला बरा. पावसाळ्यात तर तलाव रिकामा करणे हा अविचार आहे, कारण जमिनीतले पाणी रिकाम्या टाकीला खालून वर ढकलते. म्हणून एक तृतीयांश पाणी काढा. आपल्या तलावात ते १३,००० लिटर होते, म्हणजे पातळी सुमारे ४० सेंटिमीटर खाली येईल. त्या वेळी स्किमरचा (वरचे पाणी आणि तरंगता कचरा ओढणाऱ्या तोंडाचा) व्हॉल्व्ह बंद करून पंप फक्त तळाच्या जाळीतून पाणी ओढेल असे करा, नाहीतर तो हवा खाईल. एवढ्याने १३० चे ८७ होईल. पुन्हा एकदा केले की ५८. काढलेले पाणी संत्र्याच्या झाडांना देऊ नका. संत्रावर्गीय झाडांना क्षार आणि क्लोराईड सोसत नाहीत, आणि आपल्या पाण्यात दोन्ही ठासून भरलेले आहेत.

नवे पाणी कुठले घालायचे? टँकरवाल्याला पाणी कुठून भरता हे आधी विचारा, कारण ते बोअरचे किंवा विहिरीचेच असेल तर आपण पैसे मोजून तोच चुना विकत घेणार आहात. महापालिकेचे पेंच आणि कन्हानचे पाणी बोअरपेक्षा बरेच हलके असते, पण मे महिन्यात पिण्याचे पाणी तलावात सोडायला मी सांगणार नाही. ज्या शहरात या दिवसांत काही वस्त्यांना टँकरची वाट पाहावी लागते तिथे ते शोभत नाही. आत्ता बोअरचेच पाणी भरा. त्यात चुना असेल, सायन्युरिक आम्ल नसेल, आणि चुनाही आजच्या तलावापेक्षा कमीच असेल. दुसरी फेरी पावसासाठी राखून ठेवा. नागपुरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. आपल्या ३२ चौरस मीटरवर त्याचे ३२,००० लिटर होतात, म्हणजे चुन्याचा लवलेश नसलेले जवळजवळ एक तलावभर पाणी फुकट मिळते. बहुतेक लोक ते काठावरून वाहून जाऊ देतात. जूनच्या मध्यात पातळी ४० सेंटिमीटर उतरवून ठेवा, पाऊस ती भरू दे, भरली की पुन्हा उतरवा. फक्त अंगणातला चिखल तलावात वाहून येणार नाही अशी काठाला बांधबंदिस्ती करा.

तोपर्यंत तलावातला चुना बाहेर काढता येणार नाही, पण तो विरघळलेला ठेवता येईल, आणि त्यासाठी सामू ७.२ ते ७.४ मध्ये व क्षारता ८० ते १०० पीपीएमपर्यंत आणावी लागेल. हे काम हायड्रोक्लोरिक अॅसिडचे. संडास धुण्याचे पिवळे अॅसिड आणू नका; त्यातल्या लोखंडाने फरशीवर तांबूस डाग पडू शकतात. तलावाचे साहित्य विकणाऱ्याकडून ३० ते ३३ टक्क्यांचे स्वच्छ अॅसिड घ्या. ४०,००० लिटरमध्ये क्षारता १० पीपीएमने उतरवायला ३३ टक्क्यांचे सुमारे पाऊण लिटर अॅसिड लागते. आज क्षारता २५० असेल असे धरले, तर शंभरापर्यंत यायला ११ ते १२ लिटर लागतील. हे एका दिवसात कधीही करू नये. रोज सकाळी सामू तपासा, तो ७.६ च्या वर असेल तरच एक लिटर अॅसिड बादलीभर पाण्यात घाला आणि पंप चालू असताना खोल टोकाला काठाकाठाने सोडा. बादलीत आधी पाणी, मग अॅसिड, हा क्रम उलटा होऊ देऊ नका. हातमोजे आणि चष्मा घाला, आणि वारा पाठीमागून असू द्या. अॅसिडने सामू लगेच उतरतो आणि दिवसभरात थोडा परत चढतो. त्या चढण्याला घाबरू नका, क्षारता मात्र प्रत्येक वेळी कायमची उतरलेली असते. चौथ्या-पाचव्या दिवशी पाण्यातला पांढरेपणा विरळ होऊ लागेल. तलावावर कारंजे असेल तर क्षारता हवी तिथे येईपर्यंत ते चालू ठेवा, कारण उडणाऱ्या पाण्याने सामू पुन्हा वर येतो आणि अॅसिडची पुढची मात्रा देता येते. नंतर मात्र त्याच कारणासाठी कारंजे कमी चालवा.

या दिवसांत क्लोरीन तुटू देऊ नका, नाहीतर चुना जाईल आणि शेवाळ येईल. टिकडीच्या जागी द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट वापरा. त्यात कॅल्शियमही नाही आणि सायन्युरिक आम्लही नाही. १० टक्क्यांच्या द्रवाचे ४०० मिलिलिटर आपल्या तलावात क्लोरीन १ पीपीएमने वाढवतात, म्हणजे टिकडीइतके काम व्हायला रोज साधारण एक लिटर लागेल. ते सूर्य मावळल्यावर टाका, आणि सकाळच्या अॅसिडशी त्याची गाठ पडू देऊ नका. उन्हाळ्यात हा द्रव कॅनमध्येच कमजोर होत जातो, म्हणून इतवारीतून महिन्याचा साठा स्वस्तात आणण्यापेक्षा आठवड्यापुरता ताजा आणा. पहिले पाणी काढल्यानंतर, सायन्युरिक आम्ल ८७ च्या आसपास असताना, मोकळा क्लोरीन ६ ते ७ ठेवावा लागेल. पुढे ते ५० वर आले की ४ पुरेल. अडकलेला क्लोरीन ०.५ च्या वर निघाला, तर एका संध्याकाळी त्याच्या दहापट क्लोरीन एकदम द्यावा, आणि तो पुन्हा नेहमीच्या पातळीवर उतरेपर्यंत तलाव बंद ठेवावा.

तुरटीविषयी दोन शब्द, कारण माठात तुरटी फिरवणाऱ्या घरांत वाढलेल्या आपल्या पिढीचा तिच्यावर फार विश्वास आहे, आणि तो चुकीचाही नाही. तुरटीचे लोळे, म्हणजे मळ धरून खाली बसणारे पुंजके, सामू ७ च्या आसपास चांगले बनतात, ८.२ च्या वर ते धड बनत नाहीत आणि तुरटीच पाण्यात ढग होऊन राहते. म्हणजे आपली किलोभर तुरटी वाया गेली. सामू जागेवर आल्यावरही आठवड्याने धूसरपणा उरला, तर किलोभर तुरटी विरघळवून, शिंपडून, पंप दोन तास फिरवून बंद करा आणि रात्रभर पाणी स्थिर राहू द्या. सकाळी तळाशी बसलेला लगदा व्हॅक्यूमने ओढा, पण मल्टिपोर्टची (फिल्टरवरच्या पाण्याची दिशा बदलणाऱ्या व्हॉल्व्हची) मूठ "वेस्ट" वर ठेवून, फिल्टरमधून नव्हे. एका परिचितांच्या तलावात मी स्वतः ही मूठ फिरवायला विसरलो होतो. दुपारपर्यंत फिल्टरमध्ये साबुदाण्याच्या खिचडीसारखा गोळा झाला आणि दोनशे किलो रेती आम्हा दोघांना मगाने उपसावी लागली.

मुलांनी उतरण्याआधी डोक्यावरून साध्या पाण्याची अंघोळ करावी आणि त्या दिवशी केसांना तेल लावू नये. तेलकट डोकी दहा असली तर क्लोरीनचा निम्मा दिवस त्यांच्यातच जातो, आणि पाण्याच्या रेषेवर भिंतीला जो काळपट पट्टा येतो तोही त्या तेलाचाच.

चुन्याचे निदान खरे ठरले, तर तळाची जाळी दिसायला आठ ते दहा दिवस धरून चाला. नवतप्याचे बहुतेक दिवस भाच्यांना कूलरसमोरच काढावे लागतील. ग्लास मात्र आज संध्याकाळीच भरा. व्हिनेगरने पाणी निवळले नाही, तर अॅसिडचा परिच्छेद बाजूला ठेवा आणि मला लगेच कळवा, सोबत डीपीडीचे दोन्ही आकडे, क्षारता आणि बोअरच्या पाण्याचा कठीणपणा लिहा.